काल रात्री या घरात कोण जेवलं?

गौत्या,

तुझ्या जलदान विधीला माइक माझा होता, स्पीकर माझे होते आणि लोक ज्या सतरंज्यांवर बसले त्याही माझ्याच. तू वर बसून बघत असशील असं म्हणणार होतो, पण तुला वर-बिर काही मान्य नव्हतं. तेव्हा तू जिथं कुठं नसशील तिथून ऐक.

मला बोलायला लावलं. तीर्थपुरी ते अंबड पट्ट्यात कुणाचं लग्न असो, बारसं असो की पुढाऱ्याचा सत्कार, माइक हातात आला की नारायण उठतो आणि लोक हसतात. तुझ्या फोटोसमोर मेणबत्ती जळत होती, बुद्धवंदना होऊन गेली होती, आणि मी उठून लोकांना हसवलं. चार हत्तींच्या कमानीची गोष्ट सांगितली. तू नकाशाच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट आणि काळा गॉगल घालून शाळेच्या मैदानात कलेक्टरसारखा फिरायचास, त्याची नक्कल केली. सुनंदावहिनीसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. मग चिंचोक्यांच्या रात्रीची गोष्ट काढली आणि लोक हसून हसून मागं रेलले. पण त्या गोष्टीला एक शेपूट आहे. तिथं आलो तेव्हा बायकांच्या पहिल्या ओळीत बसलेली माझी माय माझ्याकडं बघत होती. मी खोकल्यासारखं केलं आणि माइक सरपंचांच्या हातात दिला.

ते शेपूट तुला लिहितोय. तुला ठाऊक आहेच. पण तुझ्यासमोर मी ते कधी कबूल केलं नाही, कायम हसण्यावारी नेलं.

कमानीपासूनच सुरू करतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. ग्रामसभा होती. मी माइकवर, आणि शेजारी सरपंच अण्णा.

"शेजारच्या गावानं कमान केली. तिच्यावर दोन हत्ती हायेत," अण्णा म्हणाले. "आपण चार करू."

"चार हत्ती, आणि मधी सिंह!" मी माइकवरून. टाळ्या. उद्घाटनाच्या मंडपाचं काम माझ्याकडंच येणार होतं, त्यामुळं माझा आवाज जरा जास्तच चढला होता.

मागच्या ओळीतून तू उठलास. "अण्णा, त्या कमानीखालून जाणार कोण, ते आधी मोजू का?"

"त्यात काय मोजायचं? गाव जाईल."

"गाव हाय का जाग्यावर?"

"सरकारी कागदावर बघ की, किती लोकसंख्या हाय ती."

"त्या कागदावर मीच लिहितो, म्हणून तर इचारून राह्यलो."

एवढा मोठा हशा माझ्या एकाही विनोदाला पडला नव्हता. मला रागच आला. तू पंचायत समितीत सांख्यिकीचा विस्तार अधिकारी. आयुष्यभर दुसऱ्यांची गावं मोजलीस, अहवाल वर पाठवलेस, आणि वरून कधी कुणी विचारलं नाही की बाबा, हे खरं आहे का. म्हणायचास, "मी गोळा केलेले आकडे वाचणारा एकच माणूस हाय, आन् तो म्हंजे मीच." म्हणून तुला वाटलं, निदान आपलं स्वतःचं गाव तरी एकदा असं मोजावं की मोजलेलं सगळ्या गावाला दिसेल.

तुझी पद्धत साधी होती. जानेवारीतला एक रविवार, ग्रामसभेच्या आधीचा. जानेवारीच का, तर तेव्हा ऊसतोडीला गेलेली घरं बाहेर असतात, अंकुशनगरच्या कारखान्याकडं नाहीतर थेट पश्चिम महाराष्ट्रात, आणि कंपनीतली पोरंही गावात नसतात. "गाव सगळ्यात रिकामं असतंय तवाच मोजायचं. भरल्या दिवशी कुणीबी मोजीन." शाळेच्या मैदानात बायकांनी रांगोळीनं रस्ते काढायचे, ओढा काढायचा, मग एकेका घराची चौकट. त्या चौकटीत घरच्या माणसानं येऊन स्वतःच्या हातानं चिंचोके ठेवायचे, माणशी एक. साठीच्या पुढच्या माणसाला फोडलेला चिंचोका, पांढरी बाजू वर. आणि ठेवण्याआधी सगळ्यांसमोर एकच प्रश्न: काल रात्री या घरात कोण जेवलं?

पहिल्या वर्षी भिकातात्या आले आणि त्यांनी आठ चिंचोके ठेवले. स्वतःचा नि म्हातारीचा पांढरा, बाकी सहा तपकिरी.

"तात्या, हे सहा जण काल रात्री इथं जेवले?"

"जेवले न्हाईत, पण घर त्यांचंच हाय की."

"घर त्यांचंच हाय. भाकर कुणी खाल्ली?"

तात्या उकिडवे बसले. मग एकेक चिंचोका उचलून धोतराच्या सोग्यात टाकत गेले. उरले दोन पांढरे. त्यांच्यामागं रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी आपापल्या मुठीतले जास्तीचे चिंचोके गुपचूप खिशात घातले, ते मी माइकच्या जागेवरून बघितलं.

दुपारी मी शाळेच्या पायऱ्यांवर उभा राहिलो. वरची गल्ली पांढरी दिसत होती, हरभऱ्यावर गारा पडाव्यात तशी. ओढ्याकडच्या घरांत पांढरे आणि त्यांना चिकटून पोरांचे बारके चिंचोके, म्हणजे मायबाप ऊस तोडायला गेलेले आणि नातवंडं आजीजवळ. खालच्या बाजूला, तुमच्या गल्लीत, तीर्थपुरीच्या कॉलेजला जाणाऱ्या पोरींची घरं एका कोपऱ्यात दाटून आलेली. त्यांची बस गावाच्या दुसऱ्या टोकाला थांबायची, हे रोज दिसत असून कुणाला दिसलं नव्हतं. पुढं ती बस खालच्या गल्लीपर्यंत यायला लागली, तीही त्या चिंचोक्यांमुळंच. अण्णा नकाशाभोवती दोन फेऱ्या मारून आले. कमानीचं नाव कुणी काढलं नाही. पैसा जेवणाच्या खोलीला गेला. शाळेची बंद पडलेली खोली उघडली, बचत गटाच्या बायकांनी चूल मांडली, आणि ज्या घराच्या चौकटीत नुसते पांढरे चिंचोके असतील त्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचं गरम जेवण मिळू लागलं. नियम तूच केलास: चौकट बोलेल तेच. ना अण्णांची चिठ्ठी, ना तुझी शिफारस. नाहीतर महिन्याभरात सगळ्या गावाच्या सोयऱ्यांनी पंगत भरली असती, हे बरोबर होतं.

आता माझी चौकट.

पहिल्या वर्षी माय आली आणि तिनं एक चिंचोका ठेवला. पांढरा. तू प्रश्न विचारलास, ती म्हणाली, "मीच जेवले बाबा, दुसरं कोण हाय?" आणि पुढं गेली. तिला त्यात काही वाटलं नाही. वाटलं ते मला. पुण्याला, वाळूजला पोरं असलेल्यांची चौकट पांढरी असली तर लोक म्हणतात, पोटासाठी लांब गेलीत बिचारी. माझं दुकान तीर्थपुरीत. गाडीवर स्पीकर लावून निघालो तर तिसरं गाणं संपायच्या आत मी मायच्या दारात असतो. आणि साऱ्या गावाला माइकवरून या-या करणाऱ्या माणसाच्या आईच्या चौकटीत एकच दाणा, तोही मैदानाच्या मधोमध, कारण आमचं घर गावाच्या मधोमध. लोक त्या चौकटीकडं बघून माझ्याकडं बघायचे. मी त्या दिवशी फार विनोद केले.

तिला तीर्थपुरीला का नेलं नाही, हे तू एकदाच विचारलंस. मी म्हणालो, तिला करमत नाही. खरंच करमलं नाही. दुकानावरच्या दोन खोल्या, खाली दिवसभर साऊंडची टेस्टिंग, आठवडाभरात परत आली. पण परत आल्यावर आम्ही तिला पुन्हा बोलावलं ते एकदाच, तेही जेवताना, तोंडात घास असताना. ती "बघू" म्हणाली. आम्ही पुढचा घास घेतला.

ते पहिलं वर्ष तिचं जेवणाच्या खोलीत गेलं, आणि काय ऐटीत गेलं! दुपार झाली की लुगडं झटकून निघायची. पंगतीत सगळ्या मैत्रिणी. कुणाच्या भाजीला फोडणी कशी पाहिजे होती यावर भाषण करायची, वाढणाऱ्या बायका तिला 'साहेब आले' म्हणायच्या. हात थरथरायला लागले होते, भाकरी थापताना मोडायची, ते संकट गेलं होतं.

दुसऱ्या वर्षी मी शक्कल काढली. तुझा प्रश्न 'काल रात्री'चा. मग काल रात्री आपण जेवलो की झालं! शनिवारी संध्याकाळी बायको आणि दोन्ही पोरं गाडीवर बसवली आणि मायच्या घरी गेलो. तिला इतका आनंद झाला की तिनं शेजारणीकडून वांगी मागून आणली. भरीत, भाकरी, ठेचा. सकाळी तिच्या हातात मीच पाच चिंचोके दिले. एक पांढरा, चार तपकिरी.

तू चौकटीजवळ वाकलास, गॉगल काढलास.

"काय केल्तं काल जेवायला, काकू?"

"भरीत," माय म्हणाली.

"आन् परवा?"

माय माझ्याकडं वळली. तेवढ्यात मी माइक तोंडाला लावला. "परवाचं इचारायचं ठरलंच न्हाई साहेब! पेपरात प्रश्न कालचा हाय!"

मैदान हसून लोळलं. तूसुद्धा हसलास, टाळी दिलीस. मी जिंकलो. आणि दुसऱ्या दिवसापासून मायचं जेवण बंद झालं, कारण चौकटीत आता भरलं घर होतं. मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. नियम मीच तर माइकवरून वाचून दाखवला होता.

ती काय म्हणाली असेल? "मला काय, दोन भाकरी टाकायच्या." दोन दिवसांच्या एकदम टाकायची.

मग माझी शक्कल गावानं उचलली. तिसऱ्या वर्षापासून नकाशाच्या आदल्या दिवशी पोरं यायला लागली. वाळूजहून टेम्पो करून, पुण्याहून रात्रभर बसनं, कुणी मोटारसायकलवर बायको-पोरं कोंबून. आपल्या आईबापाची चौकट पांढरी दिसू नये म्हणून. मी त्याला नाव दिलं, चिंचोक्यांची रात्र. आठ दिवस आधी गाडीवर भोंगा लावून गावात आणि तीर्थपुरीच्या बाजारात फिरायचो: येत्या शनिवारी हो, आपापल्या घरी जेवायला या! त्या रात्री गावात जेवढे दिवे लागायचे तेवढे दिवाळीला लागत नसतील. कुलूप लावलेली घरं उघडायची, तळणाचा वास सुटायचा, भिकातात्या नातवंडं खांद्यावर घेऊन पारापर्यंत मिरवून यायचे. मला वाटायचं, गौतमनं मोजायला सुरुवात केली आणि मी त्याचा सण करून टाकला. तुझ्यापेक्षा माझंच काम मोठं!

तू संतापायचास. "ही मोजणी न्हाई, नाटक हाय. आन् त्याचा सूत्रधार तू हायेस."

"अरे, वर्षातून एक दिवस का होईना, पोरं घरी येऊन राह्यलीत. तुझ्या कोणत्या अहवालानं आणली असती?"

"येऊ दे की. रोज येऊ दे. पण त्या एका रात्रीपायी म्हातारी माणसं पंगतीतून उठून राह्यलीत, ते बघ."

तेही खरंच होतं. चौकटी भरत गेल्या, पंगत आखूड होत गेली. गेल्या वर्षीच्या ग्रामसभेत अण्णा नकाशासमोर उभे राहिले आणि हात पसरून म्हणाले, "बघा, गाव भरलं की पुन्हा! आता जेवणाची खोली कशाला पाहिजे?" आणि कमानीचा विषय परत निघाला. त्या दिवशी निकाल झाला नाही, पुढच्या जानेवारीत बघू म्हणाले. तुझ्याच नकाशानं तुझीच चूल विझणार होती, आणि नकाशा खोटा केला होता मी.

पण शेपूट म्हणालो ते याच्याही पुढचं.

गेल्या वर्षी चिंचोक्यांच्या रात्री मी अंबडला होतो. मोठ्या लग्नाचं काम आलं, सोडवलं नाही. बायको-पोरंही तिकडंच. तुझ्या हापिसातल्या कुणाच्या मुलीचं ते लग्न, म्हणून तूही होतास. माझ्या शेजारी बसून जेवलास. मायला मी निरोपसुद्धा दिला नाही, वाटलं, तिला कळेल.

सकाळी आपण दोघं थेट मैदानात आलो. माय आली. वाकली. आणि चौकटीत पाच चिंचोके ठेवले. एक पांढरा, चार तपकिरी.

"काकू, काल रात्री या घरात कोण जेवलं?" तू विचारलंस. तुझा आवाज बारीक झाला होता.

"नारायण जेवला, सून जेवली, दोन पोरं जेवली," माय मोठ्यानं म्हणाली. मैदानाच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात. माझी माय आहे ती, माइक लागत नाही तिला.

भिकातात्यांच्या मुठीतून एकेक चिंचोका सोडवणारा तू. सरपंचाच्या भावाला चारचौघांत दोन चिंचोके परत घ्यायला लावणारा तू. तू माझ्याकडं बघितलंस. मी माइकच्या वायरकडं बघितलं. आणि तू म्हणालास, "पुढचं घर."

नंतर शाळेमागच्या लिंबाखाली तू मला गाठलंस.

"नाऱ्या, काल तू अंबडला माझ्या ताटातली जिलबी खाऊन राह्यला होतास."

"मंग बोलायचं होतं ना तिथंच."

"तुझ्या मायला सगळ्या गावात खोटं पाडू? ते काम तुझं होतं. मला न्हाई जमलं." गॉगल खिशात घालून तू खाली बसलास. "इतक्या वर्षांत एक चिंचोका मी खोटा राहू दिला न्हाई. आज चार राहू दिले."

मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं, तर तू हात वर केलास.

"तुला माहीत हाय, मी मोजायला कुठं शिकलो? तुझ्या घरी. शाळेतून आलो की काकू चहा करायच्या. तुम्हा घरच्यांचे कप ट्रेमधी. माझा वळचणीला खोचलेला, कान तुटलेला. मी रोज मोजायचो. इतके आत, एक बाहेर. कुणाला न धरणं म्हंजे काय असतंय, ते मला तवाच कळलं."

एवढ्या वर्षांत तू ते कधी बोलला नव्हतास. मी म्हणालो, "मायनं तो कप नंतर फोडून टाकला."

"हाव, मला ठावं हाय. माझ्या समोर फोडला, आन् मला ट्रेमधला दिला. म्हणून तर म्हणतो. त्या बाईनं मला धरलं. आता तिला कोण धरणार?"

हे मी जलदान विधीला सांगायला हवं होतं की नाही? सगळी गल्ली बसली होती, तुझी माणसं, माझी माणसं. त्याऐवजी मी तुझ्या गॉगलची नक्कल केली.

शेवटचा भेटलास जालन्याच्या दवाखान्यात. नळ्या लावलेल्या, तरी उशाशी कंगवा. मी खुर्ची ओढायच्या आत म्हणालास, "आवंदा भोंगा फिरवू नको."

"म्हातारी माणसं वाट बघतेत रे त्या रात्रीची."

"मला ठावं हाय."

"मंग?"

"मंग काय? दोन्ही खरं हाय. पण आवंदा चुलीचा निकाल हाय."

"तू घरी ये आधी. मंग भांडू."

"बरं," म्हणालास. "ते भांडण ठेव तसंच." आणि डोळे मिटलेस. मला वाटलं, झोपलास. मी पायांचा आवाज न करता बाहेर आलो, आणि मनात म्हणालो, बरं झालं, विषय टळला.

नकाशा होणार नाही असंच सगळ्यांना वाटत होतं. सुनंदावहिनी म्हणाल्या, होईल, त्यांनी रविवार ठरवून ठेवलेला हाय. मी भोंगा फिरवला नाही. शनिवारी दुकान बंद करून घरी बसलो, जेवलो, आणि प्रत्येक घासाला माहीत होतं की तिकडं माय एकटी जेवत असेल. जाता येत होतं. तीन गाण्यांवर होतं. गेलो असतो तर पुन्हा चिंचोक्यांसाठीच गेलो असतो.

रविवारी सकाळी मैदानात स्पीकर लावला, लोकांना बोलावलं. भिकातात्या आले. "आवंदा भोंगा नव्हता रं, नारायण?"

"न्हाई, तात्या."

"पोरांसाठी भुईमूग ठेवले होते मी." चिडले नव्हते ते, नुसतं सांगत होते. दोन पांढरे ठेवून काठी टेकत गेले. तू बरोबर होतास, गौत्या, आणि तरी मला त्यांच्या पाठीकडं बघवलं नाही. हे भांडण तू म्हणालास तसं ठेवलंय. मिटेल असं वाटत नाही.

मग तुझं घर आलं. वहिनी पुढं आल्या, मागं तुझी मुलगी. वहिनींनी चौकटीत हात उघडला तर तीन चिंचोके. नेहमीची सवय. दोन ठेवले. तिसरा बोटांत धरून माझ्याकडं बघत राहिल्या.

"भाऊजी, याचं काय करू?"

माइक माझ्या हातात होता आणि चालू होता. मी तो तोंडापासून खाली घेतला. त्यांनी वाट बघितली, मग स्वतःच तो चिंचोका पिशवीत परत टाकला, हात पुसला आणि बाजूला झाल्या.

त्यानंतर आमचं घर.

मायची मूठ बंद. वाकली, उघडली. एक पांढरा, चार तपकिरी. विचारणारा तू नव्हतास. माइक माझ्याकडं, म्हणून प्रश्नही माझ्याकडं.

"माय, काल रात्री आपल्या घरी कोण जेवलं?"

ती वर बघायला लागली. "तुला ठावं न्हाई व्हय?"

"ठावं हाय."

"मंग इचारतो कशाला चारचौघांत?"

"सगळ्यांनाच इचारतेत, माय."

तिनं कंबर सरळ केली आणि गेल्या वर्षीच्याच आवाजात म्हणाली, "नारायण जेवला. सून जेवली. दोन पोरं जेवली."

आत्ताच एका बाईनं आपल्या मेलेल्या नवऱ्याचा चिंचोका स्वतःच्या हातानं मागं घेतला होता. मी म्हणालो, "न्हाई जेवलो."

चार स्पीकर होते. ओढ्यापर्यंत गेलं ते.

मी खाली वाकून चार तपकिरी चिंचोके उचलले. आधी तिनं चापट मारून माझा हात धरला, मग सोडला. चौकटीत एक पांढरा राहिला, मैदानाच्या मधोमध. माय डोक्यावरचा पदर सारखा करत एवढंच म्हणाली, "माइक तरी बंद करायचा होतास, मेल्या."

लोक हसले नाहीत. मी तरी ऐकलं नाही.

दुपारी वरची गल्ली पुन्हा गारा पडल्यासारखी दिसत होती. अण्णा दोन फेऱ्या मारून आले आणि ग्रामसभेत त्यांनी कमानीचा विषय काढला नाही. चूल राहिली. ते तुला कळावं म्हणून लिहिलं. बाकी मी सुधारलो वगैरे लिहिणार नाही, तू हसशील. दुकानात काल बायकोनं शर्ट धुवायला घेतला आणि खिशातून चार चिंचोके काढून समोर ठेवले. ते इथंच आहेत, लिहिताना बाजूला.

सोमवारी दुपारी मी गावात गेलो. जेवणाच्या खोलीत पंगत बसली होती, माय भिंतीजवळ. मी तिच्या शेजारी बसायला गेलो, तर वाढणारी बाई भांडं कडेवर घेऊन उभी राहिली. "नारायणभाऊ, या पंगतीत तुमचा चिंचोका न्हाई. उठा."

"नुसतं बसतो."

"नुसतं बसायला बाहेर ओटा हाय."

मी उठलो, दाराबाहेर वळचणीखाली उभा राहिलो. तिथून आत मोजता येतं, तू म्हणालास तसं. इतके आत, एक बाहेर. मायनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं वरण-भात कालवला, पहिला घास घेतला आणि वाढणाऱ्या बाईला मोठ्यानं म्हणाली, "मीठ कमी हाय."

सगळी पंगत हसली. "साहेब आले," कुणीतरी म्हणालं. तिनं दुसरा घास घेतला.